ऑर्व्हलचा अंगठा

ऑर्व्हल त्वेटच्या जिवाला काही वाया गेलेलं खपायचं नाही. अमेरिकेतल्या मॉन्टानातला मेंढ्या पाळणारा माणूस. तुटका खिळासुद्धा ठोकून सरळ करणार. घोड्याला जंताचं औषध द्यायचं म्हणजे पिचकारीतलं मलम जिभेवर दाबायचं, आणि घोडा हटकून त्यातलं थोडं ओठांवर काढणार. ते ऑर्व्हल अंगठ्यानं निपटून घ्यायचा आणि पायाशी घुटमळणाऱ्या कुत्र्याला चाटवायचा. जंत काय कुत्र्याला होत नाहीत? आजवरच्या सगळ्या कुत्र्यांनी तो अंगठा चाटला होता आणि सगळी ठणठणीत होती.

आताची कुत्री टिली मात्र कॉली जातीची. लांब नाकाची, पांढऱ्या पायांची, जराशी भित्री. आणली तेव्हा "ही कसली राखतेय मेंढ्या, ही तर नटवी," म्हणाला होता. पुढं पुढं बायकोपेक्षा तिच्याशीच जास्त बोलायला लागला. व्हर्ना, त्याची बायको, हे चारचौघांत सांगायची आणि तो कान कोरत बसायचा.

त्या वसंतात घोड्याला औषध दिलं आणि दुसऱ्या सकाळी टिली उठेना. पाय फाकलेले, तोंडाला लाळ, अंग थरथरतंय. त्यानं उघड्या डोळ्यांपुढं हात हलवला, पापणीसुद्धा लवली नाही. तो फोनकडे धावला.

गुरांची डॉक्टर मार्नी आली. ही त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर.

"काका, काल घोड्याला औषध दिलंत?"

"दिलं. घोड्याला."

"आणि हिला?"

ऑर्व्हल बुटाकडे बघत राहिला.

"सांगा की," मागून व्हर्ना म्हणाली. "अंगठा चाटवला असणार. लग्न झाल्यापासून बघतेय मी."

"अगं, पण बाकीच्यांना कधी काही झालं नाही," तो पुटपुटला.

"बाकीच्यांच्या मेंदूला राखण होती, काका," मार्नी टिलीची नाडी बघत म्हणाली. "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन असतं. हे औषध आत शिरायला लागलं की ते त्याला धरून परत रक्तात ढकलतं. कॉलींमध्ये पुष्कळांना ते प्रथिन जन्मापासूनच धड नसतं. मग ढकलणार कोण? सगळं मेंदूत साचतं."

"मग झोपेचं तरी काही दे. किती कापतेय बघ."

"तसली काही औषधंही त्याच राखण नसलेल्या दारातून मेंदूत जाऊन बसतात. जपूनच द्यायला हवं. उतारा नाही याला. औषध अंगातून जाईपर्यंत हिला जगवायचं, एवढंच. वाचेलच असं सांगत नाही."

तिनं सलाईन लावलं, कूस कशी बदलायची, डोळे कसे ओले ठेवायचे ते दाखवलं, आणि रोज येईन म्हणाली. व्हर्नानं स्वयंपाकघरात गोधडी अंथरली. ऑर्व्हल तिथंच जमिनीवर बसला. मेंढ्या विणीला आलेल्या. त्या शेजाऱ्याच्या गळ्यात घातल्या. टिलीला कोरडं करायचं, पालटायचं, आणि वेड्यासारखं बोलत राहायचं: कुठली मेंढी व्याली, कुठलं कोकरू लबाड आहे.

"ऐकू येतंय का तिला?" व्हर्नानं विचारलं.

"मला काय ठाऊक?" तो खेकसला. मग हळूच म्हणाला, "माझ्या हातून चाटलं गं तिनं. मी बोलावलं म्हणून आली होती."

व्हर्ना त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या माणसाचं असं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दिवस गेले. श्वास मध्येच इतका मंद व्हायचा की तो आपला गाल तिच्या नाकाशी धरायचा. मार्नी यायची, मान हलवायची, जायची.

एका दुपारी मार्नीचा फोन वाजला. पलीकडं नुसता श्वास. तिनं ओळखलं.

"ऑर्व्हलकाका? गेली का हो?"

तिनं गाडीची किल्लीही उचलली.

"नाही गं पोरी," तो कसाबसा म्हणाला. "मी दारातनं आत आलो, तर माझ्याकडे बघून शेपूट हलवलं तिनं. माझ्याकडे बघून." आणि तो म्हातारा फोन हातात धरून लहान पोरासारखा रडायला लागला.