मे महिन्यातल्या लांब पेशी

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. पीएचडीच्या चौथ्या वर्षी तर जरा जास्तच फिरायचं, कारण तीन वर्षं यीस्ट वाढवूनही हाती भोपळाच होता.

आमचं यीस्ट म्हणजे बेकरीतल्या यीस्टचा चुलतभाऊ. त्याची पेशी कांडीसारखी लांबत जाते आणि ठरावीक लांबी झाली की मधोमध भिंत घालून दोन होते. दोन कधी व्हायचं, ते कायनेज नावाची प्रथिनं ठरवतात. एक कायनेज विभाजन सुरू करतं, आणि पेशी पुरेशी वाढेपर्यंत दुसरं त्याला दाबून धरतं. बाबा हिंगण्याच्या कारखान्यात मशीनवर आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे माप बसल्याबिगर माल पुढे न सोडणारा आमचा इन्स्पेक्टरच की. मी म्हटलं, हाव, तोच. तेव्हापासून पाहुण्यांना माझं संशोधन तेच समजावून सांगायचे, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा बरं सांगायचे.

मी विभाजन सुरू करणाऱ्या कायनेजमध्ये एक बारीक बदल केला होता. असं बदललेलं यीस्ट बहुधा पंचवीस अंशाला नीट चालतं आणि सदतीसच्या आसपास अडखळतं. त्यात नवल काही नाही, तसली यीस्टं जगात ढिगाने आहेत. माझं मात्र पंचवीसलाच अडखळलं. मे महिन्यात मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर पेशी दीडपट, दुप्पट लांब होऊन मग सावकाश दोन होत होत्या. शेजारचं साधं यीस्ट अगदी व्यवस्थित. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मी मॅडमच्या खोलीत अक्षरशः पळत गेले. मॅडम म्हणजे माझ्या गाइड, सहा-सात महिन्यांत रिटायर होणाऱ्या. त्यांनी स्वतः येऊन पाहिलं, आणि त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

पेपर लिहिता लिहिता डिसेंबर उजाडला. सोमवारी तो पाठवायचा होता; महिनाअखेरीस रिटायर होणाऱ्या मॅडमचा तो शेवटचा पेपर. मॅडमना फक्त आणखी चांगले फोटो हवे होते, म्हणून मी पुन्हा यीस्ट वाढवलं. पेशी आखूड. साध्या यीस्टएवढ्याच. दुसऱ्या दिवशीही आखूड.

माझं डोकं सटकलं. पुसताना पंचवीस अंशावर लावलेल्या इनक्यूबेटरची बटणं फिरवलीत म्हणून मी आमच्या अटेंडंट काकांवर सगळ्यांदेखत ओरडले. ते बिचारे शांतपणे म्हणाले, "म्या कशालेच हात नाही लावत, ताई. उन्हाळ्यात कूलर बी तुमीच बंद करून ठेवत होत्या, बुरशी येते म्हणून."

कूलरच्या ओल्या हवेने माझ्या यीस्टच्या प्लेटांवर बुरशी यायची, म्हणून तो मीच बंद करायचे. मायक्रोस्कोप दुसऱ्या विभागाचा, आमची पाळी दुपारी दोननंतर. अकरा वाजता पंचवीस अंशातून काढलेले फ्लास्क तोवर माझ्या टेबलावर पडून असायचे. नागपुरातला मे महिना, कूलर बंद, तीन तास. साधं यीस्ट तेवढं सोसतं. माझं सोसत नव्हतं, एवढंच.

खात्री करायची म्हणून एक फ्लास्क तीन तास छत्तीस अंशावर ठेवला. पेशी लांब. म्हणजे माझं यीस्ट त्या ढिगातलंच एक होतं.

काकांची माफी मागितली. त्यांनी हसून सोडून दिलं, पण कूलरचं ते वाक्य केवढं मोठं होतं हे त्यांना कळलंच नव्हतं. आता हे फक्त मला ठाऊक होतं. पेपर नाही तर डिग्री लांबली, आणि मे महिन्यातले फोटो तर खरेच होते की! दोन दिवस मी हे स्वतःपाशीच ठेवलं. घरी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. शुक्रवारी दुपारी मॅडमना सगळं सांगितलं.

शेवटी त्यांनी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, कोणालाच नाही. त्यांनी टेबलावरचा पेपर ओढून पहिलं पान समोर घेतलं.

"हे सोमवारनंतर सांगितलं असतंस तर?"

एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण त्यांचा चेहरा पाहून या वेळी डोकं फिरलं नाही. आपल्याच प्रश्नाचं त्यांना कसंतरी वाटलं असावं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पेन घेतलं आणि त्या पानावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली.

"तुझं होईल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं लागतील, पण होईल. माझं आता नाही व्हायचं."

माझं एकटीचंच बुडालं असं समजून दोन दिवस मी रडले होते.