उजळलेला बिल्ला

नोकरीत हाताळलेली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक वेगळे उरले आहे, आणि ते आधी नाकाला आठवते, मग मनाला.

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका ठाण्याची प्रभारी होते. खंडेनवमीची सकाळ होती. ठाण्यात शस्त्रपूजेसाठी रायफली पुसणे चालले होते. तेलाचा वास व्हरांड्यापर्यंत आला होता. दुर्गाविसर्जनाचा बंदोबस्त डोक्यावर होता आणि मला एका जागी बसवत नव्हते. तेवढ्यात नया बाज़ारकडे राहणारे एक वृद्ध गृहस्थ आले. घराणे दख्खनेतून आलेल्या शिपायांचे. त्यांनी माझ्या टेबलावर रुमाल उलगडला. आत टोपीला लावायचा जुना बिल्ला होता, मधोमध सूर्यमुख, भोवती किरणे; हळदीसारखा पिवळा, डोळ्यांत खुपेल इतका चकचकीत.

"हा माझा नाही," ते म्हणाले. "वडिलांचा बिल्ला पेटीतून कोणी नेला आणि हा खोटा ठेवला. आज पूजेला पेटी उघडली, तर हे."

"खोटा कशावरून?"

"माझा काळा होता. अधिकाऱ्यांचे बिल्ले उन्हात चमकून शत्रूला दिसू नयेत म्हणून कारखान्यातच काळसर झाक देत. ती झाक म्हणजेच बिल्ला. मी वर्षातून एकदा मऊ कुंचल्याने धूळ झाडतो, कोरडे सुती फडके फिरवतो. पाणी नाही, पॉलिश नाही. उघड्या बोटांनी धरतसुद्धा नाही, घामाचे डाग उठतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचे पूर्वज दरबारात पंचांग वाचणारे. तुम्हाला यातलं काय कळणार, बाई?"

"पंचांगवाल्यांकडेच फिर्याद आणलीत, काका. संशय कोणावर?"

ते बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. "पुतण्यावर," अखेर म्हणाले. "अशा वस्तूंना शौकीन लोक वाटेल ते देतात, असं मागे बोलला होता."

आईबापांवेगळा हा पुतण्या त्यांच्याच घरात वाढलेला. निमलष्करी दलात त्याची निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर, त्या बिल्ल्यापासून अर्ध्या हातावर पडून होता. गुन्ह्यात नाव आले की त्या कागदावर शेरा बसणार आणि मुलाची वर्दी अंगावर चढण्याआधीच उतरणार. वरिष्ठांना विचारून मी प्राथमिक चौकशीपुरता वेळ घेतला. मात्र आजच्या आज निकाल लावा, असा त्यांचा हुकूम होता.

दुपारी सराफ़ा बाज़ारातून खबऱ्याचा फोन आला. असाच एक बिल्ला घेऊन एक तरुण काल दोन-तीन दुकानांत फिरला होता. वर्णन पुतण्याचेच होते.

त्याला बोलावून घेतले. तो समोर ताठ उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही.

"सराफ्यात गेला होतास?"

"हो."

"बिल्ला विकायला?"

"नाही."

"मग?"

"चोरी मी नाही केली, मॅडम. बस. इसके आगे मला काही सांगायचं नाही."

"नोकरी जाईल, माहीत आहे?"

"माहीत आहे."

हवालदार दारातून पुटपुटले, "मैडम, लड़का है कि क़िले का फाटक." एरवी मी हसले असते. गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात. एक स्वतःला वाचवतो; तो दाराकडे, घड्याळाकडे पाहत राहतो. दुसरा कोणाला तरी पाठीशी घालतो. तो जमिनीकडे पाहतो. हा जमिनीकडे पाहत होता. पण कोणाला वाचवतोय?

मी खोलीत येरझारा घालत राहिले. बाहेर ढोल सुरू झाले होते, काच थरथरत होती. अखेर बिल्ला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. दर्शनी बाजू पिवळी. मी तो उलटा केला. मागच्या कड्यांच्या मुळाशी, जिथे बोट पोहोचत नाही तिथे, अजून काळे होते. जुने, खोल, मऊ काळे. खोट्या बिल्ल्याला कोणी अशा आडबाजूला काळिमा कशाला लावील? काकांनी तक्रारीसोबत बिल्ल्याचा जुना फोटो दिला होता. त्यात सूर्याचा एक किरण टोकाशी वाकलेला होता. हातातल्या बिल्ल्यातही तोच किरण, तसाच वाकलेला.

मग मी तो नाकाशी नेला. आंबट वास आला. दोन किरणांच्या फटीत एक बारीक तपकिरी तंतू अडकला होता. टाचणीने काढला. चिंचेचा होता. सराफ तेजाब वापरतो, रेती वापरतो. चिंच स्वयंपाकघरातून येते.

मी काकांना घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू देवघरापुढे बसून तलवारीला झेंडूची माळ घालत होत्या. नवरा ठाण्यात गेला होता, पुतण्या तिथेच अडकून आहे, यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांना छातीचे दुखणे, म्हणून काकांनी सांगितले नव्हते.

"काकू, शस्त्रं काय लखलखतायत. कोण घासतं?"

"मीच की. चिंच आणि राख. लग्न होऊन आले तेव्हापासून." त्यांचे डोळे मोतीबिंदूने दुधाळ झाले होते, बोटे मात्र पात्यावरून बिनचूक फिरत होती. "यंदा तो बिल्लाही घासला. पोरगा फौजेत चाललाय, म्हटलं पूजेत आजोबांचा बिल्ला काळवंडलेला नको. तर पोरगा बघून घाबराच झाला. म्हणाला, काकांना बोलू नकोस, मी सराफ्यातून होता तसा करून आणतो." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "झाला का काळा?"

काका भिंतीला हात लावून उभे होते.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही पेटीला कधी हात लावू दिलात? विचारणार काय?"

सराफ्यात कोणालाच जमले नाही म्हणून पुतण्याने तो रात्री गुपचूप तसाच पेटीत ठेवला होता. तक्रार त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असे लिहून मी सही केली. ठाण्याच्या पायरीवर काकांनी मला विचारले, बिल्ल्यावर ती झाक पुन्हा चढेल का? मी म्हटले, काळा करणारे भेटतील. पण तो काळा आजचा असेल. पुतण्या शेजारीच उभा होता. तो काकांना हात धरून उतरवत होता आणि काका त्याच्याकडे पाहू शकत नव्हते.

घरातल्या चोरीत आपण वस्तू शोधतो आणि वस्तू बहुधा घरातच असते, हे मी या प्रकरणात शिकले. आणखीही एक. पुढे सेवेत असेपर्यंत मी फिर्यादीला संशयिताचे नाव सर्वांत शेवटी विचारत आले. वस्तू पाहून होऊ दे, घर पाहून होऊ दे, मग नाव. एकदा तोंडातून निघालेले नाव तक्रारीतून खोडता येते, पण ज्याने ते ऐकले त्याच्या कानांतून नाही.

माझ्या निवृत्तीनंतर काकू एकदा भाजी घेताना भेटल्या. डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. पुतण्याची चौकशी केली.

"चांगला आहे. सुट्टीवर येतो. पूर्वी चपला भिरकावून थेट माझ्या ओट्यापाशी यायचा, डब्यात हात घालायचा. आता बाहेरच्या खोलीत बसतो, पाहुण्यासारखा. कोणी आत ये म्हणेपर्यंत उठत नाही."

"आणि काका म्हणतात का, आत ये?"

"म्हणतात ना," काकू म्हणाल्या. "दर वेळी म्हणावं लागतं. तेच तर."