पुसू का, बाई?

नेकनूरजवळच्या एका वस्तीवर सत्यभामाबाईंनी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. आधीची अठरा वर्षं सगळ्या नोंदी रजिस्टरात, रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली कमरेला. मग सरकारी मोबाईल आला. बारीक अक्षर बाईंना चष्म्यातूनही दिसेना, म्हणून ज्या घरी जातील तिथली शिकलेली सून फॉर्म भरून द्यायची. फोनच्या कुलपाचे चार आकडे वस्तीतल्या साऱ्या सुनांना पाठ झाले. शेवटी बाईंनी कुलूपच काढून टाकलं.

एका मंगळवारी बाई बैठकीसाठी एसटीनं बीडला निघाल्या. मांजरसुंब्याला गर्दी चढली. बीडच्या स्टँडवर उतरून पाहतात तो पिशवीची चेन उघडी आणि फोन नाही.

त्यांना सगळ्यात आधी आठवली ती धनश्री. दिंद्रुडकडं दिलेली ही पोरगी नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून सातव्या महिन्यात पळून आली होती आणि मावशीच्या शेतातल्या घरी लपून राहत होती. नवरा गावोगाव विचारत फिरत होता. नाव नोंदवू नका म्हणून तिनं हात जोडले होते.

"नोंद न्हाई तर आहार न्हाई," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "सरकारी फोन हाय. कुणाच्या हाती लागत न्हाई."

मग दारात उभं करून तिचा फोटो घेतला होता आणि खाली पत्ता टाकला होता.

बाई धापा टाकत बालविकास कार्यालयात पोचल्या. संगणकावर वर्षाराणी होती, त्यांच्या लेकीच्या वयाची.

"लॉक नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हंजे दार उघडं टाकून जत्रंला गेल्यावानी केलं तुमी." तिची बोटं चालू होती. "इथून लॉकचा हुकूम सोडते. सापडला तर फोन करा, असा निरोपबी टाकू. नंबर सांगा."

बाईंनी पाठ असलेला एकुलता एक नंबर घडाघडा सांगितला.

"हा तर हरवलेल्या फोनचाच हाय, बाई."

शेजारच्या टेबलावरचे रामेश्वर कारकून हसले. वर्षाराणीनं आपला नंबर टाकला.

नकाशावर मांजरसुंब्याला एक ठिपका होता, चाळीस मिनिटांपूर्वीचा. त्यानंतर फोन गप्प होता.

"बंद केलाय नायतर रेंज न्हाई. चालू झाला की हुकूम पोचंल. तवर बसून ऱ्हावा."

बाई बसल्या. आत बैठकीत त्यांचं नाव पुकारलं, त्या उठल्या नाहीत. त्या ठिपक्यावरून नजर काढली तर तो उठून धनश्रीच्या मावशीच्या शेतात जाईल, असं त्यांना वाटत होतं.

तासाभरानं ठिपका खरंच हलला.

"लॉक झाला," वर्षाराणी म्हणाली. मग नकाशा मोठा करून, "नेकनूरच्या रस्त्याला हाय."

बाई उठून संगणकाजवळ गेल्या.

"लॉक तोडून देणारे लई हायेत. पुसू का, बाई? पुसला की कुठं गेला ते पुन्हा दिसायचं न्हाई. अन् न पाठवलेल्या नोंदी जातील."

वस्तीवर रेंज नसल्यानं एकोणीस दिवसांच्या नोंदी तशाच होत्या. एकेचाळीस लेकरांची वजनं. लेखी खुलासा द्यावा लागणार, हे रामेश्वर न विचारता सांगत होते.

"पूस, माय. सगळं पूस."

काही मिनिटांत ठिपका नकाशावरून गेला.

मिळेल त्या जीपनं बाई परतल्या आणि बांधाबांधानं थेट धनश्रीच्या मावशीच्या घरी गेल्या. धनश्री तूर निवडत होती.

"फोन हरवला, पोरी. तुझा फोटो, पत्ता त्यात व्हता. आता पुसलाय. पर दोन तास तो उघडा व्हता."

धनश्रीचे हात सुपातच राहिले. "कुणी बघितलं का?"

"ठाऊक न्हाई."

"तुमी म्हणलत्या, कुणाच्या हाती लागत न्हाई."

"म्हणलते."

मावशी आत गेली आणि धनश्रीची लुगडी पिशवीत भरू लागली. केजकडं मावशीची नणंद होती, तिच्याकडं पाठवायला. तेवढ्यात वाटेवर मोटारसायकलचा आवाज आला. तिघी दाराआड झाल्या. आवाज पुढं निघून गेला.

"तिथं गेल्यावर," धनश्रीनं हळूच विचारलं, "नाव नोंदवायचं का न्हाई, बाई?"

बावीस वर्षांत या प्रश्नाला बाई कधी अडल्या नव्हत्या. आज त्यांनी दाराची कडी चाचपून पाहिली आणि त्या खाली बसल्या.