झाकलेला कप आणि दोन निष्कर्ष

मैत्रीला कारण लागत नाही. सुधाकर वानखडे यांच्या शोकसभेत हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा सभागृहात योग्य ती शांतता पसरली. पुढच्या दोन रांगांतल्या मुलामुलींनी मात्र माना किंचित तिरक्या केल्या. ते वानखड्यांचे विद्यार्थी होते. दिलेल्या माहितीतून निष्कर्ष निघतो की नाही, ही एकच गोष्ट सरांनी त्यांना शिकवली होती, आणि मी कुठलीही माहिती न देता निष्कर्ष काढून खाली बसलो होतो.

बातमी माझ्याकडे समोरच्या दारातून आली. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत वानखड्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. रविवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर रजनीवहिनी उभ्या होत्या, खांद्याला भाजीची पिशवी तशीच. “भाऊजी, जरा येता का? हे उठत नाहीयेत,” एवढंच म्हणाल्या. वानखडे गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर पेपर, चष्मा नाकावर. शेजारच्या स्टुलावर चहाचे दोन कप होते, एक रिकामा, दुसरा भरलेला आणि बशीने झाकलेला. डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं म्हणाले. हे तुम्हाला कसं कळलं, असं वानखड्यांनी नक्की विचारलं असतं.

वानखडे सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये शिकवत. त्यांचा विषय विधाने आणि निष्कर्ष. परीक्षेत दोन विधानं दिलेली असतात, खाली दोन निष्कर्ष. कोणता निघतो ते सांगायचं: पहिला, दुसरा, दोन्ही, की एकही नाही. विधान कितीही खुळचट असलं तरी ते खरं मानायचं, आणि जगाबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. वानखडे मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा अगदी छापील झाली होती, फक्त ‘का’ऐवजी ‘काहून’ तेवढं शिल्लक राहिलं होतं. त्यांच्या धंद्यात दुसऱ्या शब्दाची फारशी गरजही पडत नसे.

प्रश्न ते स्वतः तयार करत, आणि तयार झाला की तपासायला माझ्याकडे घेऊन येत. मी एका महाविद्यालयाचा निवृत्त ग्रंथपाल. बरंच वाचलेला माणूस म्हणून ते माझ्याकडे येतात, असा माझा सुरुवातीला समज होता. एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नाही हो. चुकीचं उत्तर घरी बसून बनवता येत नाही. बनवलेलं मुलं लगेच ओळखतात. ते खऱ्या माणसाकडून आणावं लागतं. आणि तुमच्यासारखं कोणी चुकत नाही.” हे त्यांनी कौतुकाने सांगितलं होतं.

एकदा प्रश्न होता: सोसायटीचे सर्व सभासद सभेला हजर होते. आपटे सभेला हजर होते. निष्कर्ष: आपटे सभासद आहेत. मी म्हणालो, निघतो. “काहून?” मी सांगितलं, आपल्या सोसायटीत भाडेकरू सभेला पाऊल टाकत नाही, सभासदच मुश्किलीने येतात. “हे तुम्हाला माहीत आहे,” वानखडे म्हणाले, “दिलेलं नाही. आपटे बटाटेवडे द्यायला आले असतील.” दुसऱ्यांदा काही शिक्षक लेखक होते आणि सर्व लेखक वाचक होते, म्हणून काही शिक्षक वाचक आहेत हा निष्कर्ष निघत होता. मी तो ठामपणे नाकारला. आयुष्यभर ग्रंथालयाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे, शिक्षकांच्या बाबतीतही आणि लेखकांच्या बाबतीतही. वानखड्यांनी माझं उत्तर समाधानाने टिपून घेतलं. पुढच्या चाचणीत म्हणे निम्मा वर्ग माझ्याबरोबर चुकला.

त्यांची पद्धत ठरलेली. प्रश्नाचा कागद माझ्या हातात द्यायचा, “चहा मी करतो, तुम्ही सोडवा, घाई करू नका,” असं म्हणायचं आणि थेट स्वयंपाकघरात जायचं. माझी पत्नी गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय वावरणारे ते एकटेच. थोड्या वेळाने माझा बिनसाखरेचा कप माझ्यासमोर यायचा आणि आपला कप हातात घेऊन ते माझं चुकणं ऐकायला बसायचे. आधी हे आठवड्यातून एकदा चालायचं. गेलं दीडेक वर्ष ते रोज संध्याकाळी यायला लागले. प्रश्नही लांबत गेले. दोन विधानांची चार झाली, चाराची सहा, मध्येच प्रश्नातलं कोणीतरी उत्तरेला तोंड करून बसू लागलं. वय वाढतं तसा माणूस माणसाला धरून राहतो, असा अर्थ मी लावला होता, आणि तो मला आवडलाही होता.

शेवटची भेट मात्र वेगळी झाली. शनिवारी संध्याकाळी ते आले ते हात हलवत. “आज प्रश्न नाही,” म्हणाले. स्वयंपाकघरात गेले आणि लगेच बाहेर आले, चहा न करताच. एक हात झब्ब्याच्या खिशात होता. मी विचारलं, “बरं नाही का?” ते दारात थांबले. “तसं म्हणता येणार नाही,” म्हणाले. मग जरा वेळाने, “तसं नाही, असंही म्हणता येणार नाही...” आणि गेले. मला वाटलं, थकले असतील.

रविवारी दिवसभर लोक येत राहिले आणि झाकलेल्या कपाची गोष्ट त्यांच्याबरोबर जिना उतरून गेली. तेराव्यापर्यंत तिला चांगला आकार आला होता. शोकसभेत क्लासच्या संचालकांनी ती सांगितली तेव्हा तर कपातून वाफा येत होत्या. “मृत्यू दारात उभा असताना सरांनी काय केलं? पत्नीच्या चहावर बशी झाकली.” लोकांनी डोळे पुसले. वहिनी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. सर आपल्यातून गेलेलेच नाहीत, असं सांगून संचालकांनी वाघोलीच्या नव्या शाखेला त्यांचं नाव देण्याचं जाहीर केलं. माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “एकही निघत नाही.” मग माझं बोलणं झालं, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांतर्फे एक मुलगी बोलायला उठली, वाशीमची. म्हणाली, “सर सांगायचे, दिलेल्या माहितीच्या बाहेर जायचं नाही. सरांबद्दल मला एवढंच माहीत आहे की ते कधी उशिरा आले नाहीत आणि आमच्या प्रश्नाला कधी हसले नाहीत. धन्यवाद.” एवढं बोलून ती बसली. त्या संध्याकाळचं हे सगळ्यात चांगलं भाषण होतं. माझ्यानंतर लगेच झालं हे एक वाईट.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी वहिनींनी मला बोलावून घेतलं. गॅलरीतली ती खुर्ची तिथेच होती. मी उभाच राहिलो, वहिनी उंबऱ्यावर बसल्या.

“भाऊजी, एक विचारायचंय. तुम्ही ह्यांचे प्रश्न सोडवायचात ना?”

“चुकवायचो.”

“चालेल. त्या कपाबद्दल आहे. शनिवारी दुपारी ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट आला. साखर वाढलेली. मी म्हटलं, तुम्ही बाहेर कुठेतरी गोड खाता. तर म्हणाले, रिपोर्टवरून तो निष्कर्ष निघत नाही. मला इतका संताप आला... बहिणीच्या मुलीचं ठरलं तेव्हाही असंच. मुलगा आवडला का, असं बहिणीने विचारलं, तर म्हणे, नावडला असं मी म्हणालेलो नाही. आयुष्यभर हेच ऐकलं. मी बोलणंच बंद केलं. रात्री नाही, सकाळी नाही. भाजी आणायला निघाले तर ‘येते’सुद्धा म्हटलं नाही.”

वहिनींनी स्टुलाकडे बोट केलं.

“आमच्याकडे भांडण मिटायची एक रीत होती. ह्यांनी चहा करायचा, माझा कप झाकून ठेवायचा. मी तो घेतला की मिटलं. म्हणून आल्याबरोबर मी आधी कप पाहिला, भाऊजी. ह्यांच्याकडे नंतर पाहिलं. मला वाटलं, मिटलं. सगळे म्हणतातही तसंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो कप उचलायला गेले, तर कपाला मुंग्या लागल्या होत्या. रांगच्या रांग.”

मुंग्यांचं महत्त्व माझ्या लक्षात यायला वेळ लागला. वानखड्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली त्या दिवसापासून त्या घरात साखरेचा कण नव्हता. वहिनींना स्वतःला काही झालेलं नव्हतं, पण ह्यांच्यासमोर आपण गोड चहा कसा प्यायचा, म्हणून त्यांनीही सोडली होती. आणि वहिनींना तर चहा गोडच हवा असायचा, चमचा उभा राहील इतका.

“म्हणजे चहात साखर होती,” वहिनी म्हणाल्या. “आता सांगा. पहिला निष्कर्ष, तो कप माझा. मी साखर सोडली हे ह्यांना खात होतं, म्हणून गोड करून ठेवला. दुसरा निष्कर्ष, तो ह्यांचाच दुसरा कप. मी घरात नाही तोवर चोरून. कोणता निघतो?”

“पहिला,” मी लगेच म्हणालो.

“तुम्ही चुकता म्हणून मुद्दाम विचारते. काहून?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सांत्वन नको होतं, ते महिनाभर पुष्कळ मिळालं होतं. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते आधाराशिवाय दिलेलं चालणार नव्हतं... तेवढी शिस्त त्या घरात सगळ्यांनाच लागली होती.

“आणि घरात साखर नव्हती, तर आली कुठून?” त्याच पुढे म्हणाल्या. “जाऊ दे. माझा तो डबा तेवढा आणून द्या. आता लपवायचं कोणापासून?”

हा डबा सांगायचा राहिला. दीडेक वर्षापूर्वी साखर बंद झाली तेव्हा वहिनींनी घरातला भरलेला स्टीलचा डबा माझ्याकडे आणून ठेवला होता. टाकून द्यायला त्यांचं मन होईना. भाऊजी बिनसाखरेचा चहा पितात, तेव्हा त्यांच्याकडे साखर सुरक्षित राहील, असं त्यांनी मांडलं होतं आणि हा तर्क मलाही निर्दोष वाटला होता. डबा गॅसच्या वरच्या फळीवर बसला. मी त्याला पुन्हा हात लावला नाही.

घरी येऊन डबा उतरवायला दोन्ही हात लावले आणि हात अपेक्षेपेक्षा फार लवकर वर आले. झाकण काढलं. तळाशी चार-पाच चमचे साखर होती आणि तिच्यात एक चमचा रुतलेला. लांबत गेलेले प्रश्न आठवले. घाई करू नका, हेही आठवलं.

वहिनींनी डबा हातात घेतला, वजनावरूनच त्यांना कळलं. आत डोकावून बघितलं. “निघत होता,” त्या म्हणाल्या. “रिपोर्टवरून निष्कर्ष निघत होता.” त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मग मी त्यांना शनिवारची संध्याकाळ सांगितली. प्रश्न न आणता आले, चहा न करता गेले, हात खिशात होता. वहिनी ऐकत होत्या. झाकण लावता लावता त्यांचा हात थांबला.

“स्वतःला प्यायचा असता तर तुमच्याकडेच प्यायले असते,” त्या सावकाश म्हणाल्या. “रोज पीतच होते. मग भांडण झाल्यावर साखर घरी कशाला आणली?”

मी तोंड उघडलं.

“सांगू नका,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही बरोबर म्हणालात तर मला पुन्हा शंका येईल.”

त्यांनी उरलेल्या साखरेचा दोन कप चहा केला. मी बिनसाखरेचा पितो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. आम्ही गॅलरीत बसलो, त्या खुर्चीत मी, कारण दुसरी नव्हती. चहा भयंकर गोड होता. रिकामा डबा स्टुलावर ठेवलेला होता, आणि मैत्रीबद्दल शोकसभेत आपण नेमकं काय म्हणालो, ते मी मनातल्या मनात पुन्हा तपासून पाहत होतो. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, यात साखर मावते तरी किती.

वहिनी म्हणाल्या, “पाच किलो.”