धुकं प्यायलेली बस

लाल मखमली पडदा झटक्यासरशी वर गेला, त्यावरचा बर्फाचा भुगा उन्हात चमकत चहूकडे उडाला, आणि लखलखीत प्रकाशात उभी राहिली कोर्पिवारा गावच्या नाटकमंडळींची जुनी डिझेल बस.

पडदा खराच होता हं. गावातले बाकीचे लोक थंडीत गाडीच्या नाकावर जुनी गोधडी टाकतात. नाटकवाले गोधडी कुठून आणणार? त्यांनी निवृत्त झालेला पडदा टाकला होता.

हिल्क्का मोईलानेननं पडद्याची घडी काखेत मारली. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून रात्रभर लावलेली, बसच्या नाकातून लोंबणारी हीटरची वायर तिनं खांबावरच्या सॉकेटमधून उपटली, गुंडाळली आणि ती ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली. थंडी अशी की नाकातले केस काटेरी होऊन टोचत होते. पण आज हिल्क्काला थंडी कसली! आज दुपारी कायानी शहरात जिल्ह्याची नाट्यस्पर्धा होती, आणि आज ती नाटकात काम करणार होती.

हे नीट ऐका. हिल्क्का शाळेच्या स्वयंपाकघरात सूप रांधायची, सुट्टीच्या दिवशी मंडळींची बस चालवायची आणि प्रयोगाला रंगमंचाच्या पुढच्या खळग्यात बसून प्रॉम्प्टिंग करायची. प्रत्येक नाटकातली प्रत्येक भूमिका तिला तोंडपाठ. पण तिला रंगमंचावर उभं राहा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं. मग मुख्य भूमिका करणारी लेम्पी स्कीवरून घसरली, तिचा हात मोडला, आणि ‘तळ्याची मालकीण’ करायला दुसरं कुणी उरलंच नाही.

हिल्क्कानं किल्ली फिरवली. त्याच दमात मालकिणीचं पहिलं वाक्यही म्हटलं, "कोण आलंय माझ्या काठावर?"

बस एकदा कण्हली आणि गप्प झाली.

"कोण आलंय माझ्या काठावर?" तिनं पुन्हा किल्ली फिरवली. या खेपेला बस कण्हलीसुद्धा नाही.

"थांब, थांब, थांब!" मंडळींच्या हॉलच्या पायऱ्यांवरून उर्हो धावत आला. उर्हो जंगलात ओंडक्यांचा ट्रक चालवायचा, आणि नाटकात कोळी व्हायचा, मालकिणीचा बळी. "किल्लीला हात लावू नकोस! वायर लावली होतीस ना?"

"लावली होती म्हणजे? स्वतःच्या हातानं लावली. वायर लावायला मी कधी विसरलेय?"

उर्होनं बॉनेट उघडलं आणि आत डोकं खुपसलं. बाहेर आलं तेव्हा मिशीवर बर्फ आणि डोळ्यांत जाळ.

"हिल्क्का, यात पाणीच नाही! वायर रात्रभर काय तापवत होती, हवा? हीटर जळून खाक झालाय. तळाशी थोडंसं काहीतरी आहे, तेही शिऱ्यासारखं घट्ट." त्यानं तेल मोजायची काडी उपसून नाकाशी धरली. "आणि हे तेल? हे तर डांबर! कधी बदललं होतं?"

हिल्क्कानं विचार केला. ती काळ नाटकांनीच मोजायची. "‘दोन चुली’ बसवत होतो तेव्हा. नाही, त्याच्याही आधी. ‘गिरणीवाल्याची सून’."

"अगं, त्या सुनेला आता नातवंडं झाली असतील!"

मंडळींतला आर्मास गावात होता तोवर बसचं तो बघायचा. पुढे तो स्वीडनला कारखान्यात कामाला गेला. जाताना बजावून गेला होता, "हिल्क्का, पाणी बघत जा, तेल बघत जा." तिनं मान डोलावली होती, पण ओठांवर दुसऱ्या अंकातला संवाद होता. त्यानंतर हिवाळ्यात तिनं नेमानं वायर लावली, आणि वायर लावली की बसची काळजी घेतली असं सगळ्या मंडळींनी धरून टाकलं. वायर लावली की खांबावरचा छोटा दिवा लागतो, आणि दिवा लागला की गाव झोपी जातं. दिव्याच्या पलीकडे काय चाललंय, हे कोण बघतो?

"उन्हाळ्याच्या दौऱ्यात तापली होती ती," हिल्क्का हळूच म्हणाली. "तेव्हा मी ओतलं थोडं."

"काय ओतलंस?"

"तळ्याचं पाणी. कॉफीच्या किटलीनं. स्वच्छ होतं रे, आम्ही त्याचीच कॉफी केली."

"इंजिन कॉफी पीत नाही, बाई! त्याला ग्लायकॉल लागतं. नुसतं पाणी थंडीत गोठतं आणि लोखंड फोडतं. तुझं नशीब थोर म्हणून अजून फुटलं नाही."

"मग ग्लायकॉल आण ना!"

"कुठून? माझा ट्रक जंगलातल्या तळावर, पेट्रोलपंप बंद, आणि पंपवाला बर्फात भोक पाडून मासे धरत बसलाय. रविवार आहे आज!"

एव्हाना मंडळी भोवती गोळा झाली होती. शाळेत बाई असलेल्या दिग्दर्शिका सायमी मफलर चावत उभ्या होत्या. त्यांच्या इवल्याशा मोटारीत तिघं बसली असती, पण तळं मावलं नसतं. नाटकातलं तळं म्हणजे तीन माणसांनी उचलायचं फळ्यांचं धूड. आणि वेळेवर पोचला नाहीत तर रंगमंच पुढच्या संघाला. स्पर्धेचे नियम दगडासारखे.

हिल्क्कानं उघड्या बॉनेटकडे पाहिलं. आयुष्यात एकदा, एकच वेळा आपली पाळी आली, आणि ती आपल्याच किटलीत बुडणार?

"यात काय आहे?" उर्हो दाराशी ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या कॅनांकडे बघत होता. हिल्क्कानं ते गोठतील या भीतीनं रात्रभर हॉलच्या शेगडीशेजारी ठेवले होते.

"धुकं," सायमी म्हणाल्या. "हेलसिंकीहून मागवलेल्या मशीनचं. मालकीण तळ्यातून वर येते ना, त्यासाठी."

उर्होनं एक झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. मग कॅन फिरवून वरची चिठ्ठी वाचली, आणि असा ओरडला की छपरावरचा बर्फ घसरला. "ग्लायकॉल! अरे, हे ग्लायकॉलच आहे, पाण्यात मिसळलेलं! बस हे पिईल!"

सगळ्यांच्या नजरा हिल्क्काकडे वळल्या.

कारण तालमीत सगळ्यांनी बघितलं होतं. फळ्यांच्या तळ्यातून पांढरं धुकं उठायचं, आणि त्यातून आधी नुसता आवाज, मग हात, मग हळूहळू मालकीण. त्या धुक्यात हिल्क्का दिसायचीच नाही. दिसायची ती मालकीण. ‘धुक्यात मी मालकीण,’ असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं, ‘उजेडात मी वाटाण्याच्या सूपवाली.’ प्रयोग बघायला निम्मं गाव आधीच मोटारींनी पुढे गेलं होतं, आणि त्या निम्म्या गावानं तिच्या हातचं सूप प्यायलं होतं.

"हिल्क्का, तुझी एंट्री जाईल," सायमी म्हणाल्या. "धुक्याशिवाय कशी येशील तू?"

हिल्क्कानं कॅनला हात लावला. मशीनला धुकं, की बसला? धुकं ठेवलं तर नाटकच नाही. धुकं दिलं तर नाटक आहे, पण आडोसा नाही.

"चालत येईन," ती म्हणाली. "उर्हो, ओत!"

मग काय धांदल उडाली म्हणता! उर्होनं हॉलच्या शेगडीतले निखारे पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून आणले आणि बसच्या पोटाखाली सरकवले. एकानं फावड्यानं वारा अडवला, दुसऱ्यानं उरलेली कॉफी रेडिएटरवर ओतायची तयारी दाखवली आणि शिव्या खाल्ल्या. आत चिकटलेला शिरा हळूहळू वितळला, डांबराचं पुन्हा तेल झालं. उर्होनं तो तळ्याचा गाळ खाली सोडून दिला आणि नरसाळ्यातून गुळगुळ गुळगुळ करत धुकं ओतलं. दोन्ही कॅन रिकामे. हिल्क्का किल्लीवर हात ठेवून बसली होती. आता तिच्या ओठांवर संवाद नव्हता.

"आता!" उर्हो ओरडला.

बस कण्हली, खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडत सुरू झाली. मंडळींनी असा जल्लोष केला की शेजारच्या घरातला कुत्रा साखळी तोडायला निघाला.

कायानीत पोचले तेव्हा पहिली घंटा झाली होती. तळं धावत आत गेलं. विंगेत उर्होनं तिथल्या रिवाजाप्रमाणे शुभेच्छा म्हणून हिल्क्काच्या पाठीमागे गुडघ्यानं हलकेच एक दणका दिला. रिवाज असा की आभार मानायचे नाहीत, नाहीतर प्रयोग पडतो. हिल्क्कानं आभार मानले नाहीत.

तिची वेळ आली. मशीन मुकं होतं. ती उजेडात चालत आली. जाडजूड, पन्नाशीची, केसांत शेवाळाचे धागे. तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हसणारा कोर्पिवाराचाच असणार.

"कोण आलंय माझ्या काठावर?"

आवाज तोच, पण आता त्याला चेहरा होता, आणि तो चेहरा थेट कोळ्याकडे बघत होता. तिसरी रांग गप्प झाली. आणि उर्होही गप्प! त्यानं आजवर ही मालकीण धुक्याबाहेर बघितलीच नव्हती. त्याचं तोंड उघडं, आणि वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

हिल्क्काला त्याचं वाक्य पाठ होतं. सगळ्यांचीच पाठ होती. पण आज ती खळग्यात नव्हती, कुजबुजायची सोय नव्हती. ती दोन पावलं पुढे आली, त्याची हनुवटी बोटानं वर उचलली आणि खणखणीत म्हणाली, "जीभ गोठली का रे कोळ्या? की सांगायला भितोस, तुझं जाळं माझ्या पाण्यात अडकलंय म्हणून?"

"माझं जाळं तुझ्या पाण्यात अडकलंय!" उर्हो किंचाळला, आणि तो किंचाळला तो अगदी खऱ्या भीतीनं. सभागृहाच्या अंगावर काटा आला. मग टाळी पडली, अशी टाळी की भल्याभल्या नटांनी आयुष्यभर जपून ठेवावी.

बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. त्याचं कुणाला वाईट वाटायला वेळच नव्हता. रंगपटात सगळे एकदम बोलत होते. कुणी हिल्क्काला मिठी मारत होतं, कुणी तिच्या केसांतलं शेवाळ आठवण म्हणून काढून घेत होतं. सायमी रडत होत्या आणि रडत नाही म्हणून सांगत होत्या.

"बोल ना काहीतरी!" उर्हो म्हणाला. "कसं वाटलं वर?"

हिल्क्कानं एकेकाकडे नीट बघून घेतलं, रंग ओघळलेल्या, घामेजलेल्या त्या सगळ्या मंडळींकडे.

"एवढी वर्षं खळग्यातून मला तुमचे बूटच दिसायचे," ती म्हणाली. "तोंडं बरी आहेत की रे तुमची!"