किसनने उचललेली चिठ्ठी

आष्ट्याचे किसन खोत गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी राहत्या घरी, पुढच्या खोलीत वारले. अर्धांगवायूने ते दीड वर्ष अंथरुणावर होते. मृत्यूच्या वेळी खोलीतला टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. सून रूपाली शेजारी बसून पुस्तक वाचत होती. मुलगा संदीप इस्लामपूरला कामावर होता. मला साताऱ्यात फोन आला तो त्याचाच. "काका, अण्णा गेलं," एवढंच तो बोलला.

किसन आणि मी आष्ट्यात एका वर्गात शिकलो. त्याचे आजोबा जतकडून मेंढरं घेऊन आले आणि इथेच राहिले. पुढे मी साताऱ्याला वर्तमानपत्रात लागलो आणि तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर. उसाच्या दोन गाड्यांच्या मध्ये जो वेळ मिळे, त्यात तो वाचायचा. वाचनालयाचं पुस्तक कायम डब्याच्या पिशवीत असे, त्यामुळे काही पानांना लोणच्याचा वास यायचा आणि ग्रंथपाल ओरडायचे. घरी मात्र त्याची ओळख वेगळी होती, आणि गावातही. त्याला कारण गणपतीतली एक वादविवाद स्पर्धा. गावात रंगीत टीव्ही नुकते येत होते. ज्ञान जास्त कशातून मिळतं, वाचनातून की टीव्हीतून, असा विषय होता. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला वाचन आलं, किसनला टीव्ही. चिठ्ठी उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बदलतोस का रं?" मी नाही म्हणालो. नियमातही ते बसत नव्हतं.

मी तयारी करून बोललो आणि लोक जांभया देत राहिले. किसन उठला आणि थेट आजीवर गेला. "माझ्या आज्जीनं जल्मात समुद्र बघितला न्हवता. परवा टीव्हीवर बघितला आन् म्हनली, एवढं पानी हाय व्हय? मग आमच्या जतला टँकर का येतोय?" मांडव हसून हसून आडवा झाला. शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे हात करून टाकलं. "पुस्तक वाचायचं तर आधी शाळंत मार खावा लागतो, गड्या. टीव्ही बघाया फकस्त डोळं लागत्यात!" ढाल त्याला मिळाली. दुसऱ्या वर्षी त्याने मंडळाकडे वाचनाची बाजू मागितली. मंडळाने दिली नाही. लोक टीव्हीवाल्या किसनला ऐकायला येतात, असं त्याला सांगण्यात आलं. मग तेच भाषण तो गणपतीत, निरोपसमारंभात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा करत राहिला. एकदा मी विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "एकदा उचललेली चिठ्ठी हाय ती... आता जल्मभर तीच."

अर्धांगवायूत त्याची उजवी बाजू आणि वाचा गेली. त्याला कितपत कळतं, हे डॉक्टर नक्की सांगू शकले नाहीत. संदीपने त्याची कॉट पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर घेतली. शोकेसमध्ये टीव्हीच्या शेजारीच ती ढाल होती. सकाळी सुरू झालेला टीव्ही रात्री जेवणं झाल्यावर बंद होई. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा एका वाहिनीवर चार माणसं एकदम भांडत होती आणि किसन डोळे घट्ट मिटून पडला होता. मान त्याला वळवता येत नव्हती. रूपाली म्हणाली, "टीव्ही लावला की कसं शांत पडत्यात बघा." मी संदीपला म्हणालो, त्याला हे नको असेल, पुस्तक वाचून दाखवा. संदीप हसला.

"आवं काका, अण्णाच म्हणायचं, टीव्ही बघाया फकस्त डोळं लागत्यात. आता त्यांच्याकडं डोळंच ऱ्हायल्यात."

"तो वाचायचा, संदीप."

"झोप येईपतोर वाचायचं. तुमी तवा हरला म्हणून आता त्यांचा टीव्ही बंद करताय व्हय?"

रूपालीला हसू आवरेना. मी किसनचा डावा हात हातात घेऊन विचारलं, बंद करू का? त्याने बोटं दाबली. संदीपने तोच हात घेऊन विचारलं, "अण्णा, चालू ठेवू?" बोटं पुन्हा दाबली गेली. बोटं अशी आपोआपही दाबली जातात, त्याला उत्तर समजू नये, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी साताऱ्याला परतलो. टीव्ही चालूच होता.

पुढचं रूपालीने सांगितलेलं आहे. उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही थांबला. वारा घालायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिने शोकेसमध्ये ढालीच्या मागे पडलेलं एक पुस्तक काढलं. किसनने आजारपणाच्या आधी आणलेलं, परत करायचं राहिलेलं. त्याचं कव्हर निघालेलं होतं. ती वारा घालू लागली तसे त्याचे डोळे उघडले आणि पुस्तकाबरोबर इकडून तिकडे फिरू लागले. तिने हात थांबवला, डोळे थांबले. मग तिने पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. जहाजावरच्या प्रवासाचं वर्णन होतं. लाईट येईपर्यंत त्याने डोळे मिटले नाहीत. लाईट आली, टीव्ही बोलू लागला, डोळे मिटले.

तिने हे संदीपला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "उकाड्यानं उघडलं असतील." टीव्ही बंद करायला तो तयार झाला नाही. शेवटी ठरलं की दुपारी टीव्ही चालू राहील, पण आवाज बंद, आणि रूपालीने वाचायचं. ती टीव्हीला पाठ करून, कॉटकडे तोंड करून बसे. तिची खूण एकच होती. डोळे उघडे असले की वाचायचं, मिटले की थांबायचं.

दिवसकार्य झाल्यावर मी आष्ट्याला गेलो. कॉट होती तिथेच आहे, टीव्हीही. रूपालीने चहा दिला आणि मंगळवारचं सांगितलं. पुस्तकातलं त्या दिवशीचं प्रकरण मोठं होतं. त्या दिवशी ती मध्ये एकदाही थांबली नाही. अधूनमधून वर पाहत होती.

"मी सगळं वाचून संपवलं," ती म्हणाली. "त्यांचं डोळं उघडंच हुतं..."

पुस्तक मिटून पाणी पाजायला ती उठली, तेव्हा तिला कळलं.