तुळसा राहिली कशासाठी

दया गेल्याचं तिच्या मुलीने, आशाने, मला सकाळी फोन करून सांगितलं. तेव्हा मला रडूही आलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या कोपरखैरण्यातल्या वाचनालयाच्या दारात फ्लेक्स लागला आणि तो बघून मात्र माझं डोकं फिरलं. ‘कै. दयाबाई आढाव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, बाजूला समई, खाली सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, दयाच्या फोटोपेक्षा मोठे. कै. म्हणजे कैलासवासी. जी बाई जन्मभर दर रविवारी देवळात (चर्चला ती देऊळच म्हणायची) पहिल्या बाकावर बसली, जिने जुन्या काळातल्या ख्रिस्ती माणसांवर कादंबऱ्या लिहिल्या, तिला यांनी परस्पर कैलासाला पाठवून दिलं. मी चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, मेलेल्या माणसाच्या नावापुढे कै. लावतात. सगळ्यांनाच लावतो आमी. टेन्शन नका घेऊ.’ तिची पुस्तकं तुमच्याच कपाटात आहेत, त्यातलं एक तरी कधी उघडलंत का, असं मी विचारलं, तर त्यांना अचानक दुसरा फोन आला. फ्लेक्स तसाच राहिला.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती इतिहास शिकवायची, मी मराठी. ती नगरकडची, मी साताऱ्याची. माझे सासरे मार्केटात माथाडी होते, त्यामुळे आमचं घर माथाडी वसाहतीत, आणि दयाचं दोन गल्ल्या सोडून. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना करायची. मुलाबाळांसाठी, आजारी शिपायासाठी, मुख्याध्यापकांना सुबुद्धी मिळावी म्हणून. मी तोवर माझा डबा निम्मा संपवलेला असायचा. एकदा तिच्या प्रार्थनेत मला नवीनच नाव ऐकू आलं. ‘आणि प्रभू, तुळसाला आणि तिच्या लेकरांना सांभाळ, त्यांच्यावर फार वाईट दिवस येताहेत.’ मला वाटलं, गावाकडची कुणी नातेवाईक असेल. चौकशी केली, तर म्हणाली, माझ्या कादंबरीतली आहे. मी म्हटलं, ‘अगं पण वाईट दिवस तूच आणणार ना तिच्यावर?’ तर शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, ‘म्हणून तर. मी आणणार, मग सांभाळायला दुसरं कुणीतरी नको का?’

त्या दिवसापासून तुळसा आमच्या डब्यात वाटेकरी झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी दुपारची तिच्याकडे जायची, तेव्हा जेवणाआधी तुळसाचं नाव यायचंच. प्रार्थना संपली की दया एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची. मी कधी आमेन म्हटलं नाही. देवाशी माझं फारसं जाणं-येणं नाही, नवरात्रात घट बसवायची तेही सासूबाई होत्या तोवर, त्यांच्या धाकाने. दया चिडवायची, ‘म्हण गं सुमन, बाटणार नाहीस.’ आणि स्वतःच खो खो हसायची. ज्या शब्दाचे चटके तिच्या घराण्याने सोसले, तो शब्द ती असा मीठ-मिरचीसारखा वापरायची.

तुळसाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा संताप तिच्यावरूनच आहे. नगर जिल्ह्यातला मोठा दुष्काळ. नवरा गेला, धाकटं पोर गेलं. मिशनच्या स्वयंपाकघरात भाकरी मिळते म्हणून तुळसा उरलेल्या दोन लेकरांना घेऊन तिथे जाते आणि बाप्तिस्मा घेते. गाव तिला विहीर बंद करतं. पुढे दुष्काळ सरतो, शेतं पिकतात, भावकी निरोप धाडते की प्रायश्चित्त घे आणि परत ये. आणि तुळसा जात नाही. दया म्हणायची, खरी कादंबरी इथून सुरू होते. यासाठी ती मे महिन्याच्या प्रत्येक सुट्टीत नगरकडच्या खेड्यांत फिरली, पडक्या दफनभूमीत थडग्यांवरची मराठी वाचत बसली, म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. त्या ओव्यांत येशूला ‘माझा बंधुराया’ म्हटलेलं होतं, ते ती मला स्वतः गाऊन दाखवायची. गोऱ्या पाद्र्याला तुळसाचं नाव बदलून मार्था करायचं असतं, तेव्हा तुळसा त्याला सांगते, ‘भुकेली व्हते तवा देवानं तुळसाच म्हनून हाक मारली. आता मार्था म्हनाल तर त्याला वळख पटायची न्हाई.’ हे पान तिने मला वाचून दाखवलं, तेव्हा मी तिच्या पाठीत एक धपका घातला होता. माझ्याकडून तेच मोठं कौतुक.

मग कादंबरी पुरी झाली आणि छापणारी माणसं आली. वाशीच्या एका हॉटेलात आम्ही प्रकाशकांना भेटलो. चांगलं नाव असलेले गृहस्थ, मी इथे लिहीत नाही. लेखन उत्तम आहे म्हणाले, फक्त शेवट बदला. बाई भाकरीसाठी ख्रिस्ती झाली आणि पोटाला मिळायला लागल्यावर परत आपल्यात आली, असं करा, वाचकाला पटेल. दया म्हणाली, ‘आली भाकरीसाठीच, ते मीही लिहिलंय. पण पोट भरल्यावर राहिली कशासाठी? तेवढंच तर मला सांगायचंय.’ त्यांनी कॉफी ढवळली आणि सध्याचं वातावरण बघता वगैरे सुरू केलं. आणि ते ‘आपल्यात’... दयासमोर बसून म्हणाले, आपल्यात. मी टेबलाखाली दयाचा हात दाबून धरला होता, नाहीतर मीच काहीतरी फेकून मारलं असतं.

तिथून ती मंडळीच्या छापखान्याकडे गेली. मंडळी म्हणजे तिच्या चर्चची माणसं. तिथल्या समितीने हस्तलिखित वाचलं आणि सांगितलं, भाकरीचं सगळं काढून टाका, लोक आधीच आपल्याला भाकरीचे ख्रिस्ती म्हणतात, आणि नायिकेचं नाव तुळसा कसं चालेल, शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, ठेवा. म्हणजे एकाला फक्त भाकरी हवी होती आणि दुसऱ्याला भाकरीच नको होती. तुळसा कुणालाच नको होती. घरी येऊन दया रडली. ‘प्रकाशक परका होता गं,’ म्हणाली, ‘हे तर माझे.’ दुसऱ्या रविवारी पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी म्हटलं, कशाला जातेस? तर म्हणे, मी समितीसाठी जात नाही.

मला दयाचाही राग येतो. जिना चढताना तिला धाप लागत होती, डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या लगेच करा म्हणून बजावलं होतं. तिचं आपलं एकच, एवढं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिते आणि मग जाते. मी भांडले, आशा भांडली. ‘प्रभू बघून घेईल,’ म्हणाली. प्रभूने बघून घेतलं. असं लिहिलेलं तिला आवडलं नसतं, पण मला अडवायला ती आता इथे नाही, आणि तो दोष माझा नाही.

वाचनालयाच्या शोकसभेत व्यासपीठावर तेच प्रकाशक होते. एका वक्त्याने सांगितलं की दयाबाई ख्रिश्चन असूनही त्यांचं मराठीवर प्रभुत्व होतं. असूनही. सगळं सभागृह माना डोलावत होतं. तिची पणजी जात्यावर काय इंग्रजीत गात होती? तिच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला मंडळीची लाडकी कन्या म्हटलं आणि कादंबरीचा शब्दही काढला नाही. शेवटी प्रकाशकांनी जाहीर केलं की दयाबाईंची अखेरची कादंबरी आपण काढणार, किरकोळ संपादकीय बदल करून. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, शेवट बदलणार का? ते म्हणाले, ‘ताई, ही वेळ नाही.’ मी म्हटलं, ‘ती जिवंत होती तेव्हाही वेळ नव्हती. मग वेळ येते कधी?’ कुणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि लगेच दोन मिनिटांची शांतता पाळायला सांगितलं, त्यामुळे परत उभं राहावं लागलं.

परवा आशाने बोलावलं म्हणून दयाच्या घरी गेले. आशा करंजाड्याला राहते, घर आवरायला आली होती. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ताटं आणि दुसऱ्या टोकाला कागद, ही दयाची जुनी वाटणी अजून तशीच होती. मधे आमटीचा एक डाग, त्याला ती सरहद्द म्हणायची. आशा म्हणाली, ‘मावशी, मी देऊन टाकते त्यांना. शेवट बदलला तर बदलला. निदान आईचं पुस्तक तरी येईल. नाहीतर हे कागद कोण वाचणार?’ मला तिच्यावर ओरडता येईना. खरंच कोण वाचणार? तिची आई गेली होती, तिला हातात काहीतरी हवं होतं. मी नुसतं म्हटलं, तुझ्या आईचं आहे, तू ठरव.

तिने वरणभात वाढला. बसलो. तिने सवयीने डोळे मिटले आणि आईसारखीच हलक्या आवाजात प्रार्थना सुरू केली. जेवणासाठी आभार, नवऱ्याला, मुलांना, सुमनमावशीला सांभाळ... ‘आणि तुळसाला,’ म्हणाली, आणि थांबली. लहानपणापासून या टेबलावर ऐकत आलेली ओळ तोंडातून आपोआप निघाली होती. मग डोळे न उघडताच म्हणाली, ‘तुळसाला सांभाळ, प्रभू. मी नाही देणार तिला.’

मी आमेन म्हटलं. रागानेच म्हटलं, पण मोठ्याने म्हटलं.